कुंडलिकेच्या तोंडाशी

आमच्या रोह्यावरून जाणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या अलीकडे रेवदंड्याचा कोट, पलीकडे कोर्लईचा किल्ला आणि पायथ्याशी कोर्लई गाव. त्या गावात भातशेती करणारे ख्रिस्ती राहतात, हे आमच्याकडं पुष्कळांना ठाऊक नसतं. ख्रिस्ती म्हटलं की मुंबईतला सुटाबुटातला माणूस डोळ्यांसमोर येतो. इथं रॉड्रिग्ज, वेगास, रोझारिओ अशा आडनावांची माणसं चिखलात उभी राहून आवण लावतात.

पोर्तुगीजांनी 1521 साली चौलला कोट बांधायला घेतला. 1594 साली कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून घेतला. 1740 च्या तहानं हे सगळं मराठ्यांकडं आलं आणि साहेब लोक निघून गेले. ज्या कुळांनी धर्म घेतला होता ती मागं राहिली. शेत काय गलबतात भरून नेता येतं? त्यांच्याबरोबर बोलीही राहिली, पोर्तुगीज आणि मराठी एकात एक मुरलेली. ती माणसं तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. तिची शाळा नाही, कचेरी नाही, तरी पावणेतीनशे वर्षं चुलीपाशी टिकली.

आमच्या मुलखात बेने इस्रायलीही होते. घाण्याचं तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. पेणला त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावं. 1948 नंतर बहुतेक इस्रायलला गेले. गावाचं नाव बरोबर नेलं, गाव इथंच राहिलं. कोर्लईच्या ख्रिस्त्यांना असा दुसरा देश कुठला? म्हणून त्यांना देव आणि शेत दोन्ही इथंच सांभाळावं लागलं.

ते सोपं नाही. कार्मेल मातेचा सण 16 जुलैला. शेतकऱ्याला विचारा 16 जुलै म्हणजे काय! पाऊस लागलेला, लावणी अर्ध्यावर, मजूर मिळत नाही. शेतकरी तरी एखादा दिवस पुढंमागं करील. कारखान्यात पाळी करणाऱ्या पोराचा रविवार मुकादम ठरवतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली स्वतःचा मालक होता, हा मोठा फरक आहे. श्रद्धा कमी झाली म्हणून नुसता पोरांवर ठपका ठेवणं मला पटत नाही.

भाषेचंही तसंच. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये, घरात नो लिंग, बाजारात मराठी. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेतली उपासना आली. मराठीत ख्रिस्ताचं नाव काही तेव्हा नव्यानं आलं नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं गोव्यात ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. ना. वा. टिळक कोकणातल्या करजगावचे. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही.

दोन वर्षांमागं कोर्लईच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पडवीत बसलो होतो. मी विचारलं, "बाबा, घरात रोझरी कुठल्या भाषेत?"

"म्हातारी आमच्या बोलीत सुरू करते. सून मराठीत म्हणते. नातू इंग्रजी शाळेत जातो, तो इंग्रजीत."

"मग मेळ कसा बसतो?"

"मणी एकच आहेत ना!" असं म्हणून ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हातारी गेली की सुरू कोण करणार, तेवढं बघायचं." आत सुनेच्या हातातली भांडी क्षणभर थांबली.

त्यांनीच विषय बदलला. "तुमच्याकडं खारीत यंदा कुठलं बी?"

मी पनवेलचं म्हटलं. त्यांचं बियाणं उधाणाच्या पाण्यानं गेलं होतं. घरी आल्यावर दोन पायली बाजूला काढून ठेवली.