गाडीवरची मुंबई

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं धरून आमचे अण्णा वळकटी घेऊन पाटण तालुक्यातल्या गावी आले. पावसाळा आला, भाताची लावण झाली, दसरा गेला. भोंगा काही वाजला नाही. अशी माणसं तेव्हा गावोगाव होती. पारावर बसणाऱ्या या लोकांना गाव 'मुंबईवाले' म्हणायचं. पूर्वी त्या शब्दाला मान होता. मनिऑर्डरी थांबल्या, तसा त्यात कुचकेपणा शिरला.

जमीन दीड एकर, तीही डोंगरउताराची. शेवटी आईनंच विषय काढला, वडापावच्या गाडीचा. आमच्याकडं तेव्हा तो नवाच होता. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. स्वस्त, पोटभरीचा आणि चालता चालता एका हातानं खाता येणारा. पाळीवर जाणाऱ्या गिरणी कामगाराला तो बरोबर सोयीचा पडला. अण्णांनी चव सांगितली, आईनं दोनदा करून बघितला आणि म्हणाली, "चालंल."

सुतारानं हातगाडी केली. सायकलची चार चाकं, वर फळ्या, पुढून पत्रा. मग पेंटरकाकांना बोलावणं गेलं.

त्या काळी पेंटर म्हणजे तालुक्यातला वजनदार माणूस. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीची चिन्हं, ट्रॉलीवरचं देवाचं नाव, सगळं त्याच्याच हातचं. आपल्या मुलखात या धंद्याला मानही जुना. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले. १९२०ला त्यांचा 'सैरंध्री' चित्रपट आला, तरी लोकांच्या तोंडी 'पेंटर'च राहिलं. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरायचे. काकांना ही दोन्ही नावं पाठ होती. मजुरी ठरवताना ती हमखास निघायची.

पहिल्या दिवशी त्यांनी पत्रा पॉलिश पेपरनं घासला आणि गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात मारला. मग एकेक दिवस वाळू देत पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात. चौथ्या दिवशी ब्रश घेऊन बसले आणि विचारलं, "पावणं, नाव काय टाकू?"

अण्णा म्हणाले, "नाव नको. ऱ्हाऊ दे तसंच."

"अवो, बिननावाची गाडी आसती का?"

"संप मिटला की जायाचंय मला. पाटी कशाला?"

काका ब्रश पुसून निघून गेले. आठ दिवस ती पिवळी गाडी दारात कोरी उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा आणि अण्णा आत जायचे. गाडीवर नाव लिहिलं की गिरणी सुटली, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. मला हे कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

आईला ते तेव्हाच कळलं होतं. तिनं परस्पर निरोप धाडला. काका आल्यावर अण्णांच्या देखत म्हणाली, "भावजी, मागनं लोक 'मुंबईवाले' म्हणत्यात न्हवं? मग म्होरंच लिवा. मुंबईवाले वडापाव."

अण्णा काही बोलले नाहीत. काकांनी तो होकार धरला. खडूत घोळलेली दोरी ताणून पत्र्यावर फटकारली, ती शिरोरेघ. आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेला लोंबतात. म्हणून पेंटर आधी रेघ मारतो, मग वर मात्रांना आणि खाली उकारांना जागा सोडतो. 'वडापाव' सरळ बसला. 'मुंबईवाले'ला मात्र खाली उकार, वर अनुस्वार, ईचा फरकाटा, मात्रा! काका वैतागून म्हणाले, "ही मुंबई लई जागा खाती बगा."

"खातीच ती," अण्णा म्हणाले आणि हसले. संपानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग स्वतःच पुढं होऊन म्हणाले, "तांबड्या अक्षरांना काळी शेड द्या. लांबनं दिसाय पायजे."

संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. अण्णाही परत गेले नाहीत. एस.टी. स्टँडवरच्या त्या गाडीनं आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली. काका दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी अक्षरांवरून हात फिरवून जायचे. मजुरी थोडी रोख, बाकी वड्यांत.

२००० नंतर फ्लेक्स आला. धाकट्या भावानंही लावला, वड्याच्या फोटोसकट, एका दुपारीत छापून. दोन उन्हाळ्यांत वडा पांढरा पडला. पेंटरकाकांचं काम तोवर बंद झालं होतं.

तो जुना पत्रा आता आमच्या खुराड्यावर झाकण म्हणून आहे. पिवळा रंग पोपडे धरून गेला, पण हातावर हात चढलेली अक्षरं जाड आहेत. अंधारात कोंबड्या कोंडताना बोटांना लागतात. डावीकडून चाचपलं की आधी मुंबई लागते.