रेघेपासून नांगरापर्यंत

पनवेलहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तळोजे लागते. गाव जुने आहे. पण आज परगावच्या माणसाला ते ठाऊक असते ते तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे. लोखंडाचे, रसायनांचे, मासळीवर प्रक्रिया करणारे असे नाना तऱ्हेचे कारखाने तिथे आहेत, आणि आसपासच्या गावांतली शिकलेली मुले फाटकाशी उभी राहून आत डोकावत असतात. "साहेब, मुलाला मेकॅनिकलला घातलंय, पण पुढे काय?" असे त्यांचे वडील विचारतात. शाळेतले गुरुजीही विचारतात. मी इतिहास शिकवणारा मनुष्य; पाना-पक्कड माझ्या हातात शोभत नाही. तरी यंत्राचा माणूस घडतो कसा, याची एक चांगली हकीकत इतिहासात आहे. ती तळोज्याची नाही, बेळगाव आणि औंधकडची आहे. पण आपल्या कामाची आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. मुलाला दोन नाद: चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे. शाळेतल्या अभ्यासाचा मात्र नाद नव्हता. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे चित्रकार व्हायचे, तर नशिबाने निराळाच डाव टाकला. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद कळत नाही, असे तिथे आढळून आले. रंगच कळेनात तर चित्रकार कसला! पण पेन्सिलीच्या रेघेला रंग लागत नाही. त्यांनी यांत्रिक आरेखनाची वाट धरली, आणि १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शिकवून झाल्यावर लक्ष्मणराव घरी जाऊन स्वस्थ बसत नसत. कारखान्यात जायचे, यंत्र सोडवायचे, जोडायचे, काय कशाला चिकटलेले आहे ते पाहायचे. फळ्यावर ज्या भागाची आकृती काढली तो भाग हातात घेतल्यावर किती जड लागतो, त्याचा स्क्रू फिरवायला पाना आत जातो की नाही, हे कागद सांगत नाही. आजही पुष्कळ नवे पदवीधर संगणकाच्या पडद्यावर असा नेटका भाग काढतात की पाहत राहावे, आणि कारखान्यातला जुना फिटर तो कागद हातात घेऊन शांतपणे विचारतो, "साहेब, हा नट आवळायचा कुठून?"

लक्ष्मणरावांना बढती मिळायची होती, ती एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली. पाठीशी अगदीच काही नव्हते असे नाही. मुंबईहून सायकली घेऊन ते बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि चालवायलाही शिकवत. १८८८ साली निघालेले हे सायकलींचे दुकान म्हणजे किर्लोस्कर उद्योगाचे मूळ. पुढे तिथे कडबा कापण्याचे यंत्र होऊ लागले, आणि मग लोखंडी नांगर.

नांगराच्या गोष्टीपाशी थोडे थांबू या, कारण खरी शिकवण तिच्यात आहे. देशावरच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगराला चार, सहा, क्वचित आठ बैल लागत. एवढे करूनही तो जमीन नुसती फाडी, पालथी घालीत नसे. हरळी आणि कुंदा यांची मुळे खाली सुखरूप राहात. लोखंडी नांगराचा वाकडा पंखा माती उचलून उलटी पाडतो, मुळे उन्हात पडतात. (आपल्याकडच्या भातखाचरांचे गणित वेगळे, चिखलात हलका लाकडी नांगरच सोयीचा.) विलायती लोखंडी नांगर त्या वेळी बाजारात होते. लक्ष्मणरावांनी तसला नांगर इथे करायला घेतला.

खपेना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसण्याआधी एक लक्षात घ्या. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते: लोखंडाने माती नासते, तण माजते. ज्याच्या वर्षाच्या भाकरीचा प्रश्न असतो तो नव्या वस्तूला दोनदा पारखून घेतो, मग तो बेळगावचा असो की न्यू जर्सीचा.

नांगर खपू लागल्यावर दुसरी तक्रार आली, आणि ती समजुतीची नव्हती, अनुभवाची होती. फाळाचे टोक मऊ आहे, लवकर झिजते. यंत्राच्या माणसाची परीक्षा इथे होते. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाचे ऐकले आणि ओतीव लोखंडाचा दर्जा सुधारला. या दुखण्यावरचा जुना इलाज इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रॉबर्ट रॅन्समचा. १८०३ साली त्याने फाळाची खालची बाजू झटकन थंड करण्याची युक्ती काढली. त्यामुळे ती बाजू कठीण होते, वरची मऊ राहते. मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे राहते, आणि फाळाला चालता चालता धार येते. पुढे त्याने नांगराचे भाग असे केले की मोडलेला भाग शेतातच काढून दुसरा बसवावा. झिजणार काय हे आधी ओळखायचे आणि तेवढाच भाग सहज बदलता येईल असा ठेवायचा, हे तत्त्व पंपापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळीकडे चालते. मात्र ते चालवायचे तर एक फाळ दुसऱ्याच्या जागी नेमका बसला पाहिजे, आणि त्यासाठी मोजमाप नेमके हवे. इथे लक्ष्मणरावांचे आरेखन उपयोगी पडले असणार.

आरेखनही कसे? ओतकामाची माहिती असलेल्याचे. ओतलेले लोखंड निवताना आकसते, फुटाला सुमारे १/८ इंच. म्हणून साच्यासाठी लाकडी नमुना करायचा तो तेवढा मोठा करावा लागतो. नमुन्याच्या बाजू जरा निमुळत्या ठेवाव्या लागतात; नाहीतर तो वर काढताना वाळूची कड ढासळते. कोपरे गोल ठेवले नाहीत तर तिथेच चीर जाते. या तीन गोष्टी ओतशाळेतला निरक्षर कारागीर सांगू शकतो, आणि पदवीधराने त्या त्याच्याकडूनच ऐकाव्यात असे मला वाटते. मुलांना कारखाना दाखवायला नेणाऱ्या शिक्षकांनी साहेबांच्या भाषणाला दहा मिनिटे द्यावीत आणि साचे भरणाऱ्याजवळ तासभर बसावे.

धंदा बसतो न बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळची माळाची ३२ एकर जमीन त्यांनी दिली. तिथे निवडुंग होता, साप होते, पाणी नव्हते. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. वसाहतीची आखणी रामुअण्णांनी पाहिली, यंत्रांकडे शंभुराव जांभेकर. पहारेकरी म्हणून पूर्वी शिक्षा भोगलेली माणसे नेमली गेली, आणि त्यांनी वाडीची राखण इमानाने केली. यंत्राचा आराखडा आणि माणसांचा आराखडा एकाच हाताने काढलेला दिसतो.

पहिल्या महायुद्धात, १९१४ नंतर, लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. कोळशाऐवजी लाकूड जाळून भट्टी चालवली. लोखंडासाठी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. इतिहासाच्या माणसाला तोफ वितळल्याचे थोडे वाईट वाटते, हे कबूल करायला हवे. पण गडावर गंजत पडण्यापेक्षा हे बरे.

पुढची पिढी निराळ्या वाटेने आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्रशास्त्र शिकले आणि १९२६ साली पदवी घेऊन वाडीला परतले. वडिलांपाशी कसलीच पदवी नव्हती, मुलापाशी जगातल्या नामांकित संस्थेची होती. दोघे एकाच कारखान्यात काम करू लागले. शेतकऱ्याला नांगरानंतर पाणी हवे होते, पंप झाले. पंपाला ओढणारे काहीतरी हवे. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी निघाली. एका यंत्राने दुसऱ्याची गरज दाखवावी, असा तो क्रम आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मिरजेकडून पुण्याला येताना ते स्टेशन आजही लागते. कुंडल रोड हे नाव मात्र आता पाटीवर नाही; तिथे किर्लोस्करवाडी असे लिहिले आहे.