बेडपॅन कोणी धुतलं?

इंग्लंडमधल्या आयल्सबरी गावाला लागून स्टोक मँडव्हिल नावाचं रुग्णालय आहे. मणक्याला इजा होऊन पाय गेलेल्या माणसांना डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ साली इथेच तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरवलं आणि त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, त्या स्पर्धेचं हे माहेर. एवढा लौकिक असलेल्या या रुग्णालयात २००३ च्या ऑक्टोबरपासून २००५ च्या जूनपर्यंत दोन लाटांत ३३४ रुग्णांना जुलाबाच्या एकाच आजाराने गाठलं. निदान ३३ जण त्यात दगावले. बहुतेक जण वयस्कर, दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी दाखल झालेले. हा आजार त्यांना वॉर्डात मिळाला.

मी जन्मभर वॉर्डात काम केलं, शेवटची वर्षं संसर्ग-नियंत्रणाची सिस्टर म्हणून. इंग्लंडच्या आरोग्य आयोगाने २००६ मध्ये या मृत्यूंवर जो चौकशी अहवाल काढला, त्यातल्या गोष्टी मी नव्या मुलींना नेहमी सांगायचे. आपल्या कामातली कुठली गोष्ट जिवाशी खेळते, हे त्यांना पुस्तकातल्या जंतूंच्या चित्रांपेक्षा त्यातून लवकर कळायचं.

या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, वॉर्डात सी-डिफ. १९३५ साली अमेरिकेत हॉल आणि ओटूल या दोघांना तो नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या शीमध्ये सापडला. बाळं ठणठणीत होती, त्यामुळे पुढची चाळीसेक वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. दरम्यान अँटिबायोटिक्सचा जमाना आला. औषध घेतलेल्या काही रुग्णांना भयंकर जुलाब होत आणि मोठ्या आतड्यावर पिवळट-पांढरे पापुद्रे धरत. खापर फुटायचं स्टॅफिलोकोकसवर. १९७४ मध्ये सेंट लुईसच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन दिलेल्या २०० रुग्णांवर लक्ष ठेवलं. २१ टक्क्यांना जुलाब झाले आणि १० टक्क्यांच्या आतड्यात पापुद्रे दिसले. चार वर्षांनी जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरा गुन्हेगार दाखवून दिला. अँटिबायोटिक आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंना मारतं, जागा रिकामी होते आणि तिथे सी-डिफ वाढून विष सोडतो.

पण तो तिथे येतो कुठून? बरीच वर्षं अनेकांना वाटे की तो रुग्णाच्याच पोटात आधीपासून असणार, औषधाने फक्त त्याला मोकळं रान दिलं. या समजुतीने आम्हा नर्सेसचं, सफाईवाल्यांचं, प्रशासनाचं, सगळ्यांचंच फावलं. दोष औषधाचा, आपला नाही.

१९८९ साली लिन मॅकफार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटलमधल्या एका वॉर्डाचा अभ्यास छापला आणि हे समाधान संपलं. दाखल होताना ज्यांच्या पोटात जंतू नव्हता, त्यांतल्या २१ टक्के रुग्णांनी तो वॉर्डातच घेतला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना साधे जुलाबही झाले नाहीत. ते वरून बरे दिसत होते आणि त्यांच्या खोल्यांतही जंतू सापडत होता. मला सर्वांत लागलेला आकडा वेगळाच आहे. जंतू असलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या ज्या कर्मचाऱ्यांचे हात तपासले, त्यातल्या ५९ टक्के हातांवर तो होता. हे आमचे हात. ताप बघणारे, कुशीवर वळवणारे, पाणी पाजणारे.

सी-डिफ बाहेर पडला की बीजाणूच्या रूपात जातो. हा बीजाणू टणक कवचातला, झोपी गेलेला जंतू. पलंगाच्या कठड्यावर, कमोडच्या खुर्चीवर, बेलच्या बटणावर तो महिनोन्महिने टिकतो. स्पिरिटने मरत नाही. म्हणजे हल्ली दाराशी टांगलेल्या बाटलीतलं सॅनिटायझर हातावर चोळून आपण निर्धास्त होतो, ते इथे पुरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले तर तो धुऊन जातो, आणि पृष्ठभागावर क्लोरीन, म्हणजे आमच्या भाषेत हायपो, पुरेशा तीव्रतेचं आणि पुरेसा वेळ राहिलं तर मरतो. फिनेलच्या वासाने वॉर्ड स्वच्छ झाला असं नातेवाइकांना वाटतं, पण त्या वासाचा बीजाणूवर काही परिणाम होत नाही.

या आजाराच्या इतिहासात मोठ्या शोधांच्या बरोबरीने अगदी किरकोळ वस्तू येतात, आणि मला त्याच महत्त्वाच्या वाटतात. १९९० मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात कर्मचाऱ्यांनी रुग्णाची घाण हाताळताना साधे ग्लोव्हज घालायला सुरुवात केली आणि आजाराचं प्रमाण ठळकपणे उतरलं. १९९२ मध्ये दुसऱ्या एका गटाने गुदद्वारात घालायचे इलेक्ट्रॉनिक थर्मामीटर काढून टाकले. टोकावरचं वेष्टण दर वेळी बदललं जायचं, पण दांडा तोच, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर फिरणारा, आणि जंतू त्या दांड्यावर. एकदा वापरून टाकायचे थर्मामीटर आणल्यावर रुग्ण कमी झाले. पुढे असंही दिसलं की आधीच्या रुग्णाला हा आजार असलेल्या खोलीत नवा रुग्ण ठेवला, तर त्याचा धोका वाढतो. चादर बदलली, नावाची पाटी बदलली, एवढ्याने खाट नवी होत नाही.

आता परत स्टोक मँडव्हिलकडे. तिथे हे कोणाला ठाऊक नव्हतं, असं नाही. संसर्ग-नियंत्रणाच्या लोकांनी जुलाब झालेल्यांना वेगळ्या जागी हलवा म्हणून वरिष्ठांना वारंवार सांगितलं. त्या वेळी इंग्लंडभर सरकारी उद्दिष्ट होतं की आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लावायचा. त्यासाठी खाटा हव्या होत्या. वॉर्ड बंद केला तर खाटा जाणार. व्यवस्थापनाने उद्दिष्ट निवडलं. पहिली लाट ओसरली, धडा घेतला नाही, दुसरी आली. बातमी वृत्तपत्रात फुटल्यावर आणि वरून हस्तक्षेप झाल्यावर रुग्णांना खऱ्या अर्थाने वेगळं ठेवलं गेलं. अहवालाने दोष व्यवस्थापनाच्या माथी ठेवला, आणि तो तिथेच आहे असं माझंही मत आहे. वॉर्डातल्या मुलीने हात धुतले नाहीत म्हणून तिला मेमो देणं सोपं असतं. तिच्या वाट्याला किती रुग्ण दिले होते, हे विचारायला धैर्य लागतं.

पुढच्या वर्षी केंट परगण्यातल्या मेडस्टन आणि टनब्रिज वेल्सच्या रुग्णालयांचा अहवाल आला, तो वाचताना मला फार त्रास झाला. तिथे सुमारे ९० मृत्यू निश्चितपणे किंवा बहुधा या जंतूमुळे झाले होते. खाटा एकमेकींना खेटून, बेडपॅन नीट न धुतलेली, नर्सेस अपुऱ्या. जुलाबाने हैराण रुग्णांना काही वेळा सांगितलं गेलं होतं की अंथरुणातच करा. हे सांगणाऱ्या मुलीही प्रशिक्षित नर्सेसच होत्या. माणूस किती ताणला म्हणजे अशी वेळ येते, याची मला कल्पना आहे, म्हणून मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. ज्यांनी त्यांची संख्या कापली, त्यांच्यावर रागावले.

त्यानंतर इंग्लंडने मनावर घेतलं. २००७-०८ मध्ये तिथे ५५ हजारांवर रुग्ण नोंदले होते, सहा वर्षांत ती संख्या १४ हजारांच्या आत आली. त्यात स्वच्छता आणि विलगीकरण होतंच, पण सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या अँटिबायोटिक्सचा वापर आवळला, त्याचा वाटा मोठा होता. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जंतूंची जनुकं ओळीने वाचली, तेव्हा जेमतेम एकतृतीयांश प्रकरणं आधीच्या एखाद्या रुग्णाशी जुळली. ४५ टक्के इतकी वेगळी निघाली की आधीच्या कुठल्याच रुग्णाशी त्यांचं नातं लागेना. स्वच्छता घट्ट केल्यावरची ही स्थिती आहे, हे लक्षात ठेवावं. फक्त हात धुऊन भागणार नाही आणि फक्त गोळ्या कमी करूनही नाही.

आपल्या वॉर्डांत ही तपासणी अजून अनेक ठिकाणी सहज होत नाही. जुलाब झाले की सलाईन लावायचं आणि आणखी एक अँटिबायोटिक चढवायचं, असं मी कितीदा पाहिलं आहे. आणि आपल्याकडे बेडपॅन देतं कोण? बऱ्याचदा सूनबाई, नाहीतर मुलगा. ते ज्या बेसिनवर धुतलं जातं, तिथेच शेजारच्या खाटेचे लोक डबा विसळतात आणि पाण्याची बाटली भरतात. रात्री हे काम मावशींकडे येतं. एका रुग्णालयात ग्लोव्हजचा खोका कपाटात कुलूपबंद असायचा आणि किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जकडे. रात्रभर मावशी उघड्या हातांनी काम करायच्या आणि मग त्याच हातांनी रुग्णाला चहा द्यायच्या. मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं की वापर वाढतो, खर्च बसत नाही. मावशी कंत्राटी होत्या, त्यांना तर विचारलंही नाही.

तुमचं माणूस रुग्णालयात असेल, तर दोन-तीन गोष्टी करा. अँटिबायोटिक कशासाठी आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा. जुलाब सुरू झाले तर लपवू नका, मेडिकलमधून आणलेली जुलाब बांधायची गोळी आपल्या मनाने देऊ नका, लगेच सिस्टरला सांगा. बेडपॅन हाताळल्यावर हात साबणाने, पाण्याखाली धुवा. आणि वॉर्डात साबण नसेल, मावशींच्या हातात ग्लोव्हज नसतील, तर ते अधीक्षकांकडे मागा, लेखी मागा. आम्ही मागितलं तर खर्च म्हणतात. तुम्ही मागितलंत तर द्यावं लागतं.