नानखटाईचं जन्मसाल कसं तपासायचं?

दिवाळीच्या तोंडावर वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावात बेकरीवर गर्दी होते. घरून मैदा, तूप, पिठीसाखर नेऊन द्यायची, मजुरी मोजायची आणि डबा भरून नानखटाई आणायची. तुम्हीही त्या रांगेत उभे राहिला असाल. आता ‘संशोधनाला विषयच सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो डबा परत उघडा.

इंटरनेटवर नानखटाईची एक गोष्ट हमखास सापडते. सोळाव्या शतकात सुरतेत एका डच जोडप्याने बेकरी काढली. जाताना ती त्यांनी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कामगाराला दिली. अंडी आणि ताडी घातलेला पाव स्थानिकांना चालेना, म्हणून त्यांनी ती दोन्ही वगळली आणि त्यातून नानखटाई झाली.

गोष्ट छान आहे, पण सालं मांडून बघा. डच ईस्ट इंडिया कंपनीच मुळी १६०२ सालची. सुरतेत तिची वखार आली त्यानंतर दीड दशकाने. म्हणजे सोळावं शतक बाद! डचांनी सुरत सोडली १८२५ मध्ये, आणि दोटीवाला बेकरी स्वतःचं साल सांगते १८६१. ‘बेकरी सोपवून डच निघून गेले’ हे खरं धरलं, तर गोष्ट एकोणिसाव्या शतकात जास्त नीट बसते. एवढ्यावर ती खोटी ठरवू नका. आख्यायिकेतलं साल चुकलं म्हणून माणसंही खोटी होत नाहीत.

दुसरा साक्षीदार म्हणजे शब्द. ‘नान’ फारसी, म्हणजे रोटी किंवा पाव. ‘खटाई’चा संबंध काहीजण ‘खिताई’शी, म्हणजे चीनच्या जुन्या नावाशी जोडतात, तर काहीजण सहा या आकड्याशी. आंबटाशी मात्र काही नातं नाही.

आता जरा लांब, मेक्सिकोत जाऊ. तिथे लग्नकार्यात पिठीसाखरेत घोळवलेली सुक्या मेव्याची कुकी करतात. तिची नातलग म्हणजे स्पेनची ‘पोल्वोरोन’; ‘पोल्वो’ म्हणजे धूळ, भुकटी. १५२१ नंतर स्पॅनिश सत्तेबरोबर स्पेनचं खाणंपिणंही तिकडे गेलं. स्पेनमध्ये बदाम आणि डुकराची चरबी, तिकडे बदामाच्या जागी बऱ्याचदा उत्तर अमेरिकेचाच पेकन. अरब जगातली ‘घुरैबा’ही याच जातीची. सगळ्यांची कृती एकच: भरपूर स्निग्ध पदार्थ, पाणी जवळपास नाही. तूप पिठाच्या कणांना वेढतं, चिवटपणा येत नाही, म्हणून तोंडात टाकताच विरघळतं. आणि इथेच सावध व्हा. साम्य दिसलं की लगेच ‘एकाचा उगम दुसऱ्यात’ असं लिहायचा मोह होतो. पीठ, तूप, साखर हे तीन जिन्नस दोन ठिकाणी वेगवेगळेही एकत्र येऊ शकतात. प्रवास दाखवायचा तर वाट दाखवावी लागते.

वैजापुरात ती वाट शोधता येईल. हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. जवळच्या रोटेगाव स्टेशनवरून रेल्वे एकीकडे मनमाडला, म्हणजे मुंबईच्या वाटेला, आणि दुसरीकडे हैदराबादकडे जाते. मग इथल्या भट्टीचं कसब मुंबईच्या इराणी-पारशी बेकऱ्यांतून आलं, की हैदराबादेतून? याचं उत्तर दफ्तरखान्यापेक्षा भट्टीपाशी लवकर मिळेल. जुन्या कारागिराला विचारा: तुमचे उस्ताद कुठले? पहिली भट्टी लाकडाची होती का? डालडा बाजारात आला १९३७ साली. तुमच्याकडे तुपाच्या जागी तो कधी आला? उत्तर तारखेत नाही मिळणार. ‘धाकट्याच्या लग्नाच्या साली’ असं मिळेल. तसंच लिहून घ्या, साल नंतर लावता येतं. फक्त दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते.