कप कोण विसळतं?

सभा संपते. तीन तास क्रांतीवर बोलून झालेलं असतं. आपण चहाचे कप तिथंच टाकून उठतो. ते माझी आय विसळते. कित्येक वर्षं मला ते दिसलंच नाही. म्हणून ही अमेरिकेतली हकिकत सांगतो.

मिअरल लेडरमन युकेलिस ही न्यूयॉर्कची कलावंत. १९६८ साली तिला पहिलं मूल झालं. दिवस पोराचे लंगोट धुण्यात जाऊ लागला. १९६९ साली तिनं जाहीरनामाच लिहिला. घरात रोज करते ते धुणंपुसणं आता चारचौघांत करीन, त्यालाच कला म्हणेन. क्रांती झाल्यावरही कचरा कोण उचलणार, असा रोकडा सवाल तिनं त्यात टाकला.

जुलै १९७३. हार्टफर्डचं वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालय. बाई गुडघ्यांवर बसून बाहेरच्या पायऱ्या धुऊ लागली. लोक यायचे, पावलं उमटायची, ही पुन्हा पुसायची.

आत काचेच्या पेटीत ममी होती. काच नेहमी सफाई कामगार पुसायचा. तीच काच युकेलिसनं पुसली आणि वर कलेचा शिक्का मारला. झालं! आता तिला हात लावायचा हक्क फक्त संग्रहालयातल्या तज्ज्ञाचा. धूळ तीच, पुसणं तेच, पण कामगाराचा हात बाद. हे वाचून मी ताडकन उठून बसलो. जात काम करणाऱ्या माणसांनाच वेगळं पाडते, उतरंडीत बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात मांडून ठेवलंय. काचेच्या पेटीपाशी मला तेच दिसलं.

पुढं १९७९-८० मध्ये ती न्यूयॉर्कभर फिरली. साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाशी हात मिळवला, आभार मानले. त्या कामाचं नाव 'टच सॅनिटेशन'. टच म्हणजे स्पर्श. या शब्दाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण दोस्तहो, हात मिळवल्यानं हातातला झाडू सुटत नाही. इथं गटारात कुणी उतरायचं हे जातीनं पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं. आणि त्या उतरणाऱ्याचे कपडे मोरीवर बसून धुते ती त्याची बायको. तिला कोण बघतं?

पुढच्या सभेत कप मी विसळणार. कला म्हणून नाही, पाळी म्हणून. त्यानंतर तुमची पाळी.