राजदंड शवपेटीत

रत्नागिरीहून मांडवी एक्स्प्रेस पकडा आणि करमळीला उतरा. जुनं गोवं तिथून जवळच आहे. बॉम जेझू बासिलिकेच्या उघड्या जांभ्याच्या भिंतींसमोर थांबा आणि साल बदला. नोव्हेंबर 1683.

जांभा दिसेनासा झाला ना? त्यावर चुन्याचा गिलावा आहे. तो खरवडला जाईल विसाव्या शतकात. दर्शनी भागाचा काळा दगड मात्र तोच, वसईहून जहाजातून आलेला. तुमच्याकडे कोणाचं लक्ष नाही. शहराला आज दुसरं काही सुचतच नाहीये. नदीपलीकडचं जुवे बेट काल रात्री मराठ्यांनी घेतलं. ते परत घ्यायला गेलेला विजरई मार खाऊन, जेमतेम जीव वाचवून परतलाय. महिन्याच्या सुरुवातीला त्यानं फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता, तोही अंगाशी आला. तुम्ही रत्नागिरीचे. तुमचा किल्ला संभाजीराजांकडे, म्हणजे या गर्दीत तुम्ही शत्रूच्या मुलखातले. गप्प राहा आणि लोकांबरोबर आत चला.

आत मेणाचा वास आहे. बायका गुडघे टेकून बसल्यात, हातात जपमाळा. उजव्या अंगाच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, चांदीची पेटी दिसेल. 1636–37 मध्ये गोव्याच्याच सोनारांनी ती घडवली. फ्लॉरेन्सच्या कारागिरांचा संगमरवरी चौथरा अजून आलेला नाही, तो बसेल 1698 मध्ये. पेटीत जेझुइट संघाचा धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर आहे, गोव्याच्या भाषेत 'गोंयचो सायब'. त्याला मरून 131 वर्षं होत आली.

विजरई फ्रान्सिस्को द ताव्होरा, काउंट ऑफ आल्व्होर, आत येतो. पेटी उघडायला लावतो. मग आपला राजदंड, राजानं दिलेली अधिकारपत्रं आणि हे राज्य तुमच्या स्वाधीन करतो असा कागद, हे सगळं तो शवाजवळ ठेवतो आणि रडत प्रार्थना करतो. संकटाच्या वेळी कोकणात गावकरी रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालतात, तसंच हे. फरक इतकाच, की समोर देव नाही, एक मेलेला माणूस आहे. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मरणानं तो घराबाहेर गेला असं इथं कोणीच मानत नाही. त्याच्याशी बोलता येतं, त्याच्यावर जबाबदारी टाकता येते.

वाकून पाहता आलं तर पाहा. शवाला उजवा हात नाही.

तो कुठे गेला ते कळायला आणखी मागे जावं लागेल. 3 डिसेंबर 1552, चीनच्या किनाऱ्यालगतचं शांगच्वान बेट. झेवियर तापानं जातो. शेवटी जवळ असतो अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती. पुरताना शवावर चुना टाकतात. हेतू साधा आहे: मांस लवकर झडावं, म्हणजे अस्थी भारतात नेता येतील. फेब्रुवारी 1553 मध्ये खणतात तेव्हा शव जसंच्या तसं. मग मलाक्का. तिथे पुन्हा मातीत, यावेळी पेटीशिवाय. अखेर 16 मार्च 1554 रोजी, उपासकाळाच्या दिवसांत, जहाज गोव्याला लागतं. या धक्क्यावर तुम्हीही असता तर पुढच्या माणसाच्या खांद्यावरून मान उंच करून पाहिलंच असतं. एका पोर्तुगीज बाईनं पायाचं चुंबन घेता घेता अंगठा चावून तोडला, असं सांगतात. मला ही गोष्ट ऐकवत नाही. भक्ती इतकी अनावर होते की मृताच्या अंगाला दात लागतात, तेव्हा आदर कुठे उरला?

आता 1614. या वेळी काम अधिकृत आहे. जेझुइटांचे प्रमुख क्लॉडिओ अक्वाव्हिव्हा यांचा रोमहून आदेश आलाय. ज्या हातानं हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात रोमला हवा. कोपरापासून खाली तोडतात. तो आजही रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. दंडाचा उरलेला भाग पुढे वाटला जातो, एक तुकडा मकावला पोचतो. या वेळी दक्षिणेला साष्टीत थॉमस स्टीफन्स हयात आहेत. त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' दोन वर्षांनी, 1616 मध्ये, छापून निघेल. ओवी लिहिणारा तो इंग्रज आणि हात तोडणारी ही मंडळी एकाच संघातली.

चर्चचं म्हणणं काय होतं, तेही ऐका. डिसेंबर 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं ठरवलं: संतांच्या अवशेषांना मान द्यावा, कारण ती शरीरं ख्रिस्ताची अंगं होती आणि पुनरुत्थानाच्या दिवशी उठणार आहेत. प्रतिमेत देवत्व नाही, तिला दिलेला मान मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो. क्रूस, जपमाळ, संताचं हाड, सगळ्यांचं मोल त्या व्यक्तीमुळे. हा विचार मला पटतो. पण तोच विचार मानला तर जो माणूस उठणार आहे त्याचा हात तोडायचा कशाला? 1614 मध्ये झालं ते चूक होतं, असं मी म्हणेन.

मराठी माणूस म्हणून तुमच्या मनात आणखी काही असेल. याच झेवियरनं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं. 1560 मध्ये ते आलं, आणि पोर्तुगीज राजवटीत देवळंही पाडली गेली. हे विसरा असं मी सांगणार नाही. 1683 च्या त्या कपेलात मात्र हे सगळं ठाऊक असूनही मी तुमच्याइतकाच गप्प उभा राहिलो असतो.

मराठे परत फिरतात. औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज कोकणात उतरत होती म्हणून, असं इतिहास सांगतो. सायबानं वाचवलं, असं गोवेकर म्हणतात.

पुढे 1782. जेझुइटांना 1759 मध्येच हाकलून दिलंय आणि बाजारात कुजबूज आहे की त्यांनी जाताना खरं शव पळवलं, पेटीत दुसरंच कोणी आहे. म्हणून फेब्रुवारीत पेटी उघडून शव सर्वांना दाखवतात. रांगेत उभे राहा. शंका घ्यायला आलेला माणूस पेटीपाशी येताच गुडघे टेकतो, हे पाहाल. आजच्या शवप्रदर्शनांची परंपरा इथून सुरू होते. आता ते साधारण दहा वर्षांनी होतं. शेवटचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असं झालं. शव काचेआड असतं, हात लावता येत नाही.

आता आजच्या काळात या. चर्चचे नियम कडक झालेत. 1983 च्या धर्मसंहितेनुसार पवित्र अवशेष विकायला पूर्ण बंदी आहे. 2017 च्या सूचनांनुसार रोमच्या परवानगीशिवाय शवाचे भाग वेगळे करता येत नाहीत. दहनाला 1963 पासून मुभा आहे, पण 2016 पासून बजावलंय की राख विखरायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, दागिन्यात घालायची नाही. साध्या ख्रिस्ती म्हातारीच्या राखेला आज जे संरक्षण आहे, ते 1614 मध्ये संताच्या हाताला नव्हतं. ही सुधारणा मला मोलाची वाटते. वस्तूंचंही तसंच: आशीर्वादित जपमाळ तुटली तर ती कचऱ्यात जात नाही, जाळतात किंवा पुरतात. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून पुढच्या वर्षी कपाळावर लावायची राख करतात.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सावंतवाडीसारख्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन पाहा. घरची माणसं थडगी झाडतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. तिथे चमत्काराचा प्रश्न नसतो. आजीच्या थडग्यावर आणि सायबाच्या पेटीवर भाव एकच आहे: हा आपला माणूस आहे.

म्हणून रत्नागिरीकरांना एवढीच विनंती. पुढच्या शवप्रदर्शनाची वाट पाहू नका, साध्या दिवशी जा. बासिलिकेत मोबाइल खिशात ठेवा, पेटीकडे पाठ करून फोटो काढू नका. कोणाच्या घरी मयतीला गेल्यावर जसे उभे राहता, तसेच तिथे उभे राहा.