प्रवाह केव्हा तोडावा?



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु नित्याच्या वापरातील वस्तूंनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो माणसाच्या शहाणपणाची व चुकांची साक्ष तहनाम्यांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे देतो. आज अशाच एका वस्तूची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसेल. कारखान्यातील वीजपॅनेलच्या लोखंडी दारामागे मोठे सर्किट ब्रेकर बसवलेले असतात. त्यांच्या पोटात एक लहानशी पेटी असते. तिला ट्रिप युनिट म्हणतात. तार तोडण्याचे काम ब्रेकरचे. पण ती केव्हा तोडावी हा निर्णय या पेटीचा. हा निर्णय सोपा असता तर त्याला इतिहास घडला नसता. घाईने तोडावे तर कारखाना विनाकारण बंद पडतो. उशिरा तोडावे तर तारा, यंत्रे आणि कधी माणसे जळतात. या दोन संकटांमधील योग्य क्षण शोधण्याचा जो सव्वाशे वर्षांहून अधिक काळचा खटाटोप, तोच आजचा विषय होय.

आरंभी प्रश्न अगदी साधा होता. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा त्यावर सुमारे चारशे दिवे जळत होते. त्या काळी रक्षणाचा उपाय म्हणजे फ्यूज, अर्थात लवकर वितळणाऱ्या धातूचा तुकडा. ही कल्पना मुळात तारायंत्राच्या काळातली. विजेच्या कडकडाटापासून तारघरे वाचावीत म्हणून बारीक तारेचा तुकडा मध्ये घालावा, असे ब्रेगे या फ्रेंच यंत्रकाराने १८४७ साली सुचवले होते. फ्यूजचे तत्त्व मोठे उदात्त आहे: सर्वांत दुबळ्याने आधी मरावे आणि बाकीच्यांना वाचवावे. परंतु मेलेला फ्यूज परत उठत नाही. तीन फेजच्या मोटरवर एकच फ्यूज गेला तर मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत राहते आणि शेवटी जळते. शिवाय मनुष्यस्वभावही आडवा येतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाडशी तार घालून टाकणारा महाभाग प्रत्येक गावात आणि प्रत्येक कारखान्यात असतोच. पहारेकरी फार ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसाच हा प्रकार.

म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल असा पहारेकरी हवा होता. त्यासाठी विज्ञानाने दोन जुने सेवक कामाला लावले. पहिला विद्युत्‌चुंबक. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह बेसुमार वाढला की तो लोखंडी पट्टी झटक्यासरशी ओढतो आणि खटका सुटतो. दुसरा सेवक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. उष्णतेने एक धातू अधिक वाढतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते. ही जोडपट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने सागरी घड्याळासाठी योजली होती. जहाजाला वेळ अचूक कळावी म्हणून जी जन्मली, ती पुढे विजेला वेळेची मर्यादा घालू लागली, हा एक गमतीचा योग! जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो स्टोट्झ याच्या नावे १९२४ साली ज्या छोट्या ब्रेकरचे पेटंट झाले, त्यात हे दोन्ही सेवक एकत्र नांदत होते. आपल्या घरातल्या छोट्या ब्रेकरचा मूळपुरुष तोच.

जोडपट्टीचा गुण असा की तिला कमीअधिक कळते. भार थोडा वाढला तर ती सावकाश वाकते, फार वाढला तर लवकर. हे आवश्यकच आहे, कारण मोटर सुरू होताना काही सेकंद नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह घेते आणि मग शांत होते. त्या क्षणी तार तोडणे म्हणजे झोपेतून उठणाऱ्या माणसाला आळशी ठरवण्यासारखे आहे. तेव्हा ‘जितका अतिरेक मोठा, तितकी मुदत लहान’ हा पहिला नियम या काळात पक्का झाला.

प्रवाह तोडणे म्हणजे नुसती तार अलग करणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. संपर्क सुटताच मधल्या हवेतून प्रखर ज्योत वाहू लागते. तिला आर्क म्हणतात. ती विझेपर्यंत प्रवाह तुटलेला नसतो. बॉस्टनमध्ये जन्मलेला जोसेफ स्लेपियन हा मूळचा गणिती, पण १९२० नंतरच्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीत त्याने या ज्योतीचे मर्म शोधले. तिला धातूच्या अनेक पट्ट्यांमध्ये ढकलून तिचे तुकडे पाडले, म्हणजे प्रत्येक तुकडा थंडावून विझतो. ब्रेकरच्या हाताला बळ आले ते यामुळे. निर्णय मात्र अजून चुंबकाच्या आणि स्प्रिंगच्याच स्वाधीन होता.

इकडे कारखाने वाढत होते. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत्‌केंद्रातून वीज मिळू लागली. जगभर वाफेच्या इंजिनांची जागा मोटरी घेत होत्या. मोठ्या कारखान्यात एक मुख्य ब्रेकर, त्याखाली प्रत्येक विभागाचा आणि त्याखाली प्रत्येक यंत्राचा, अशी उतरंड झाली. आता नवा प्रश्न उभा राहिला: एका यंत्रात दोष झाला तर कोणी तोडावे? न्याय असा की दोषाला सर्वांत जवळचा जो ब्रेकर, त्यानेच. मुख्य ब्रेकरने थोडे थांबून पाहावे. खालचा हरला तरच स्वतः उडावे. एका खोलीतला दिवा बिघडला म्हणून सारा वाडा अंधारात बुडू नये, इतकाच याचा अर्थ.

थांबायचे, पण किती? मोठ्या ब्रेकरमध्ये हे थांबणे साधण्यासाठी तेलाने किंवा हवेने भरलेली नळी असे आणि तिच्यात दट्ट्या. दट्ट्या तेलातून सावकाश सरके आणि तेवढा अवधी मिळे. युक्ती सुंदर, परंतु तेल थंडीत घट्ट होते, उन्हाळ्यात पातळ होते, वर्षांनुवर्षांत झिरपून जाते आणि धुळीने चिकट बनते. पाव सेकंदासाठी बसवलेली नळी दहा वर्षांनी किती वेळ घेईल, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नसे. वर्षानुवर्षे न हललेला ब्रेकर ऐन वेळी हलेल काय, अशी धास्ती असे.

या धास्तीला आकड्यांचे बळ मिळाले ते १९६० साली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या इमारती व कारखाने ४८० व्होल्टची, म्हणजे अर्थशी २७७ व्होल्ट असलेली, वीज वापरू लागले होते. तेथे एक विलक्षण अपघात पुनःपुन्हा घडू लागला. पॅनेलमध्ये ज्योत पेटे, तांब्याच्या पट्ट्या वितळून जात, लोखंडी कपाट कोळसा होई. आणि ब्रेकर मात्र निवांत चालूच! कॉफमन आणि पेज या दोन अभियंत्यांनी त्या वर्षी याचे कारण उलगडून दाखवले. तार थेट अर्थला चिकटली तर प्रवाह प्रचंड असतो. परंतु मधे ज्योत असेल तर ती स्वतःच अडथळा होते, आणि प्रवाह थेट दोषाच्या ३८ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो.

याचा अर्थ लहानशा हिशेबाने पाहू. थेट दोषाचा प्रवाह २०,००० अँपिअर धरा; ज्योतीचा प्रवाह मग ७,६०० अँपिअर. ब्रेकर २,००० अँपिअरचा आहे आणि त्याचा झटपट खटका १०,००० वर बसवला आहे. तो हलणार नाही. उरला सावकाश खटका. सहापट प्रवाहाला तो दहा सेकंद घेतो असे धरू. येथे प्रवाह ३.८ पट आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून मुदत होते जवळजवळ पंचवीस सेकंद. पंचवीस सेकंद ती ज्योत पॅनेल खात बसणार! पहारेकरी झोपलेला नव्हता. त्याला दिलेल्या हुकुमाप्रमाणे तो वागत होता. हुकूमच चुकीचा होता.

उपाय जन्माला येऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांनी ट्रान्झिस्टर सिद्ध केला होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर अमेरिकन ब्रेकरांमध्ये तेलाच्या नळीच्या जागी ट्रान्झिस्टरचे ट्रिप युनिट येऊ लागले. त्याची रचना थोडक्यात अशी. प्रत्येक फेजच्या पट्टीभोवती एक करंट ट्रान्सफॉर्मर असतो. तो हजारो अँपिअरची लहानशी प्रतिकृती पेटीकडे पाठवतो, आणि पेटीला लागणारी वीजही पुष्कळदा त्यातूनच मिळते. पेटी प्रवाह मोजते, मुदत मोजते आणि वेळ भरली की एक सूक्ष्म विद्युत्‌स्पंद सोडते. तेवढ्या दुबळ्या स्पंदाने अवजड ब्रेकर कसा उघडावा? त्यासाठी ताणलेली स्प्रिंग कायमच्या चुंबकाने धरून ठेवलेली असते. स्पंद त्या चुंबकाची पकड क्षणभर ढिली करतो, आणि काम स्प्रिंगच करते. धनुष्य आधीच ताणलेले. पेटीने फक्त बोट सोडायचे.

या पेटीवर चार हुकूम लिहिता येतात आणि कामगार त्यांना एल, एस, आय, जी या अक्षरांनीच ओळखतात. एल म्हणजे दीर्घ मुदतीचा खटका, तारा तापण्यापासून वाचवणारा. एस म्हणजे अल्प मुदतीचा, खालच्या ब्रेकरला संधी देणारा. आय म्हणजे तात्काळ. जी म्हणजे अर्थकडे निसटणाऱ्या प्रवाहासाठी. यातला चौथा सर्वांत महत्त्वाचा. तीन फेज आणि न्यूट्रल यांतील प्रवाहांची बेरीज निरोगी स्थितीत शून्य असते. ती शून्य नसेल तर प्रवाह कोठेतरी चोरवाटेने जात आहे. ही बेरीज स्प्रिंगला करता येत नव्हती. इलेक्ट्रॉनिक पेटीला ती सहज करता आली. १९७१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत्‌संहितेने अशा ४८० व्होल्टच्या, १,००० अँपिअर व त्यावरील मुख्य पुरवठ्यावर हे अर्थरक्षण सक्तीचे केले. आपल्या हिशेबातले ते पंचवीस सेकंद आता सेकंदाच्या अंशावर आले.

परंतु नवा सेवक नव्या खोडी घेऊन येतो. पहिल्या पेट्या प्रवाहाच्या लाटेचे शिखर मोजीत आणि लाट गोलसर आहे असे गृहीत धरीत. १९५७ मध्ये थायरिस्टर निघाला, त्यावर चालणारी मोटरींची नियंत्रणे पुढे कारखान्यांत पसरली आणि लाटेचा आकार बिघडला. शिखर उंच, पण उष्णता बेताची. ब्रेकर विनाकारण उडू लागले. हा गोंधळ मिटवला मायक्रोप्रोसेसरने. त्याचा पहिला नमुना १९७१ मध्ये बाजारात आला आणि १९८० च्या दशकात तो ट्रिप युनिटात शिरला. तो एकेका लाटेचे अनेक ठिकाणी माप घेऊन खरी उष्णता काढतो. शिवाय ब्रेकर का उडाला, किती प्रवाहावर उडाला, हेही लिहून ठेवतो. पहारेकरी साक्षर झाला म्हणा ना!

आता सर्वांत गंभीर मुद्दा. इतका वेळ आपण तारा आणि यंत्रे वाचवण्याची भाषा करीत होतो. पॅनेलपुढे उभ्या असलेल्या माणसाचे काय? १९८२ साली राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात दाखवून दिले की विजेचा धक्का हा एकच धोका नव्हे; ज्योतीची आग हा दुसरा, आणि तितकाच घातक. ज्योतीच्या गाभ्याचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. तिला स्पर्शही करावा लागत नाही. ती दूरवरून भाजते. आणि माणसावर पडणारी उष्णता ज्योतीच्या मुदतीच्या प्रमाणात वाढते. मुदत दुप्पट, तर दाह दुप्पट.

येथे जुना शहाणपणा आणि नवी करुणा समोरासमोर आली. वाडा अंधारात बुडू नये म्हणून मुख्य ब्रेकरला तीन दशांश सेकंद थांबायला सांगितले होते. आपल्याकडच्या विजेत ही मुदत पंधरा आवर्तनांची होते. कारखान्याच्या दृष्टीने ती काहीच नाही. दार उघडून काम करणाऱ्या वायरमनच्या दृष्टीने ती जन्ममरणाची असू शकते. उत्पादन अखंड राहावे म्हणून घेतलेल्या मुदतीची किंमत त्याने आपल्या चेहऱ्याने आणि हातांनी का द्यावी?

तंत्रज्ञांनी यावर दोन तोडगे काढले. पहिल्यात ब्रेकर एकमेकांशी बोलतात. खालच्याला दोष दिसला तर तो वरच्याला ‘थांब, मी पाहतो’ असा संकेत देतो. संकेत आला नाही, म्हणजे दोष मधल्या पट्ट्यांतच आहे. मग वरचा क्षणही न दवडता उडतो. दुसऱ्यात पेटीवर दुरुस्तीकाळाचा एक स्विच असतो. माणूस कामाला लागण्यापूर्वी तो फिरवतो आणि तेवढ्यापुरती सर्व मुदत रद्द होते. अमेरिकन संहितेने २०११ मध्ये अशा उपायांना आपल्यात स्थान दिले.

श्रोतेहो, या इतिहासाचे सार काय? फ्यूजपासून मायक्रोप्रोसेसरपर्यंत पेटी शहाणी होत गेली, पण तिच्यावरचे हुकूम आजही माणूसच लिहितो. ब्रेकर वारंवार उडतो म्हणून सर्व सेटिंग शेवटच्या आकड्यावर नेणारा हात, आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालणारा हात, हे एकाच वंशाचे आहेत. उडालेला ब्रेकर कारण न शोधता पुन्हा चढवणारा, दुरुस्तीचा स्विच फिरवायचा कंटाळा करणारा, सेटिंगची नोंद न ठेवणारा, हे सारे त्याच कुळातले. उलट, पेटीवर कोणते अक्षर उजळले ते आधी वाचणारा, दोष सापडेपर्यंत थांबणारा आणि ठरावीक काळाने पेटीची चाचणी घेणारा फोरमन हा या कथेतील संशोधकांचा खरा वारस होय. त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात येणार नाही. परंतु त्याच्या हाताखालची माणसे संध्याकाळी आपापल्या घरी सुखरूप पोचतात. ज्या समाजाला वीज हवी आहे, त्याने या थांबण्याला व तपासण्याला लागणारा वेळ फुकट गेला असे मानू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.